पेटीतली कोथिंबीर

मुलगी पुण्याला गेल्यापासून माझे रविवार संपता संपत नाहीत. म्हणून मी वाचनालयाच्या हॉलमध्ये परदेशी सिनेमे पाहायला जातो. तिथे पहिल्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीत एक म्हातारा येऊन बसायचा. कन्हानहून बसने यायचा, आणि तेही सिनेमा युद्धाचा असेल तरच. संवादांच्या खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी त्याला वाचता येत नव्हत्या. पडद्यावर स्फोट झाला की आम्ही सगळे दचकायचो. तो मात्र झाकण बसवत असल्यासारखा मांडीवरच्या पिशवीच्या कडा अंगठ्याने दाबत राहायचा.

एकदा मी विचारलं, "काका, समजत नाही तर येता काहून?"

"तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात पेट्या बंद केल्या, भाऊ. त्या उघडतात कुठं, हे मले कोणीच सांगितलं नाही. तेच पाहून राहिलो."

गेल्या रविवारी पडद्यावर अर्धवट पडलेलं एक घर होतं. तिथल्या बाईने दारूगोळ्याच्या रिकाम्या लाकडी पेटीत कोथिंबीर लावली होती. म्हातारा ताडकन उभा राहिला.

"बसा नं काका!" मागून कोणीतरी ओरडलं.

तो बसला नाही. दिवे लागले, हॉल रिकामा झाला, तरी उभाच. मी जवळ गेलो.

"पेटी आमच्यासारखीच होती," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "त्यातला माल त्या बाईच्याच घरावर पडला का, भाऊ? तुम्हाले वाचता येते नं. खाली लिहिलं असन."

मला वाचता येत होतं. पण तसं काहीच लिहिलेलं नव्हतं.