चिकटलेलं पान

एफी पिनिओ एकोणीस वर्षं विद्यापीठाच्या नोंदणी कचेरीत होती. नोव्हा स्कोशियातल्या सफरचंदांच्या खोऱ्यात, टेकडीवर उभ्या असलेल्या त्या विद्यापीठाला १९३८च्या सप्टेंबरात शंभर वर्षं पुरी होणार होती, आणि पदवीधरांचं पुस्तक काढायचं काम एफीच्या गळ्यात पडलं होतं. पुढची चाळीस पानं नामवंतांची: न्यायमूर्ती, शल्यविशारद, दोन मंत्री. त्यांच्यामागे बाकीच्यांची नुसती नावं, वर्षवार. तीन वर्षं खपून तिनं ती जुन्या वह्यांतून उतरवली होती.

समारंभाला चार दिवस उरले असताना एक पत्र आलं. समुद्रकाठच्या गावात चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या आल्मायरा किन्समन बाईंचं. १८९१ची पदवी आहे, पुतण्या मोटारीनं आणणार आहे, छापलेलं नाव एकदा बघायचंय.

एफीनं सहज पुस्तक उघडलं. नाव नव्हतं. पुन्हा पाहिलं, मग वही काढली. फार पूर्वी कचेरीला लागलेली आग विझवताना भिजलेली दोन पानं एकमेकांना चिकटली होती. सुरीनं हळूच सोडवली, तर आत सात नावं. वही घेऊन ती तडक साहेबांकडे गेली.

डेकिन साहेबांनी, म्हणजे तिच्या वरिष्ठांनी, ऐकून घेतलं आणि पुस्तकं आता छापून झालीत म्हणाले. "एवढी नावं वाचतंय कोण, एफी? तू बोलू नकोस, मीही बोलत नाही."

एफी गप्प बसली, पण जेवण जाईना. बाई पान उलटताहेत, बोट खाली खाली नेताहेत, हेच डोळ्यांसमोर. गुरुवारी तिनं रजा टाकली आणि बस पकडून बाईंच्या गावी गेली. वाटेत दोनदा उतरून परतावंसं वाटलं.

बाई दारात मासे साफ करत होत्या. एफीनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बाईंनी हात धुतले, पुसले.

"बाकीची सहा कोण?"

एफीनं नावं वाचली. हॉलिस ट्रूपचं नाव आलं तसं बाईंनी तिला थांबवलं. तो पदवीनंतर दुसऱ्याच वर्षी होडी उलटून बुडाला होता. त्याची आई नव्वदीची, अजून होती.

"माझं राहू दे. पण ती म्हातारीही येणार आहे. तिला काय दाखवणार आहेस?"

"मला माहीत नाही, बाई."

"मग इथं काय करतेस? जा. दोन दिवस आहेत तुझ्याकडे."

त्याच संध्याकाळी परतल्यावर एफीनं आपल्या गावच्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात सात नावांची चिठ्ठी छापून घेतली. शुक्रवारी दिवसभर खळ लावून सहाशे पुस्तकांत ती चिकटवली. डेकिन साहेबांनी पाहिलं तेव्हा ते संतापले. न विचारता केलंस, सोमवारी बघतो म्हणाले.

शनिवारी समारंभाच्या दारात एफीनं पुस्तकं वाटली. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि पुस्तक हॉलिसच्या आईच्या मांडीवर उघडं ठेवलं. म्हातारीला दिसत नव्हतं. बाईंनी तिचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं आणि नाव मोठ्यानं वाचलं.

सोमवारी एफीला लेखी ताकीद मिळाली. यापुढच्या वर्षांच्या नोंदवह्या मात्र तिच्याकडेच राहिल्या. तेव्हापासून ती प्रत्येक पान उजेडाला धरून, दोनदा चाचपून बघायची.