आत्या पेपरात दुष्काळग्रस्त झाली

बहात्तरच्या दुष्काळात नाशिकच्या पेपरांत रोज एक शब्द असायचा: लोंढे. कोरड्या गावांतून माणसं कामासाठी शहरात येत आणि पेपरवाले लिहीत, ‘लोंढे आदळले’. जणू घरोघरी पूर शिरलाय.

त्याच उन्हाळ्यात माझ्या बहिणीच्या लग्नासाठी सायखेड्याहून आत्या आली. गोदाकाठची बागायतदारीण. सोबत दोन वळकट्या, आहेराचं पितळी घंगाळ आणि लाडवांचा डबा. स्टँडवर वडिलांना पोचायला उशीर झाला, तेवढ्यात ती वळकटीला टेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोटो पेपरात! खाली ओळ: ‘घरदार सोडून आलेल्या मातेची शून्यात लागलेली नजर.’

“नजर कुठली? डोळे मिटलेत की माझे!” आत्या कडाडली. “आन् घरदार सोडलं म्हणं! कुलूप लावून आलेय मी.”

दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका जुनी लुगडी, ज्वारी घेऊन दारात. आत्या मला घेऊन थेट पेपरच्या कचेरीत गेली. उपसंपादक गोड हसून म्हणाले, “बाई, फोटोत छान आलात.”

“छान आले, पण कोण म्हणून आले?”

त्यांनी खुलासा छापला: ‘सदर महिला दुष्काळग्रस्त नसून सधन बागायतदार आहेत.’ झालं! दुष्काळ निधीवाले धान्य मागायला लग्नघरी हजर.

शेवटी आत्यानं ती लुगडी, ज्वारी आणि लाडू उचलले आणि स्टँडमागच्या मैदानात गेली. तिथं येवल्याकडची काही कुटुंबं उतरली होती. एक बाई तिच्याकडे बघून खुदकन हसली.

“पेपरातल्या तुम्हीच ना? आमी तवाच म्हणलं, ही आपल्यातली नाय. वळकट्या लय जाड हायेत.”

आत्याही हसली. दोघी लाडू खात बसल्या.

“तुमचा नाय काढला फोटो?” आत्यानं विचारलं.

“आला व्हता एक जण. मला हसू आलं. तो म्हणला, हसू नका. मला काय थांबंना. मग गेला निघून.”

आत्यानं तिला घरच्या सगळ्यांसकट लग्नाला बोलावलं. ती आली. आत्यानं पंगतीत तिला शेजारी बसवलं. वरपक्षाकडच्या एका बाईंनी विचारलं, “ह्या कोण हो?”

“माझ्या मैत्रीण. येवल्याकडच्या,” आत्या म्हणाली आणि तिच्या पानात आग्रहानं आणखी एक जिलबी वाढायला लावली.