तीन तारांची मोटार

माझ्या घरगुती छापखान्याची मोटार मुंबईच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातली होती. तिला विजेच्या तीन तारा लागत आणि घरात आल्या होत्या दोनच. खटका ओढला की ती नुसती गुरगुरायची. एकाने पट्टा हाताने जोरात फिरवून दिला आणि दुसऱ्याने लगेच खटका ओढला, तरच ती चालू लागे, तीही अर्ध्या ताकदीने. खटक्याचे काम शेजारचे काका करीत; मोटार लागल्याचे मी ओरडून सांगेपर्यंत तो ओढून धरीत.

‘विहीर सर्वांना खुली करा’ हे पत्रक मी छापले आणि काकांनी येणे बंद केले. दुसरे पत्रक छापायचे होते. मी दोन घरांमधल्या गडग्यावरून हाक मारली, “काका, एवढा खटका ओढून जा हो!”

“तुझी विहीर बोलाव की ओढायला!” आतून बायकामाणसेही हसली.

खटका ओढल्याने कोणाचे पाणी बाटत होते? साऱ्या आळीत विचारले. कोणीही आले नाही. शेवटी खटक्याला काथ्याची दोरी बांधून ती पायात अडकवली, हाताने पट्टा फिरवला आणि पाय मागे खेचला. बऱ्याच खटपटीनंतर मोटार लागली.

सवयीने मी ओरडलो, “झालं, काका! सोडा आता!”