बाटलीच्या खाचा मोजणारे मास्तर

चांगलं वागून माणसाची अब्रू जाते, असं सांगितलं तर पटेल तुम्हाला? माझी गेली होती. कडेगावात, भर दिवसा, आणि कशापायी? पोरीच्या तापाच्या औषधापायी! थांबा, आधी चहा घ्या, निवतोय. मग हसा.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. मी हायस्कुलात गणित शिकवायचो. बायको जाऊन वर्ष झालं होतं. घरात मी आणि पाच वर्षांची मंगल. सासूबाई पाटणला. त्यांना मी मामी म्हणायचो. मामी दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायच्या आणि दर पत्रात एकच ओळ असायची : "गडी माणसाला पोर सांभाळणं जमायचं न्हाई. मंगीला हिकडं आणून सोडा." मी दर वेळी उत्तर धाडायचो, "जमतंय." एवढा एकच शब्द. त्या शब्दावरच माझी पोर माझ्याकडे राहिली होती म्हणा ना!

आणि मंगलला ताप भरला.

तेव्हा दवाखान्यात जाताना बाटली आपली न्यावी लागे. कंपाउंडर तीत लाल औषध भरायचा आणि बाहेरून कागदाची पट्टी डकवायचा. पट्टीला कात्रीनं खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. घरातली धुतलेली बाटली बायको कुठे ठेवायची, देव जाणे! मला सापडली ती मेहुण्याची, सैन्यातून सुट्टीवर येताना आणलेली, रमची. उकळत्या पाण्यानं चार वेळा धुतली. सगळं गेलं, लेबल मात्र हटेना.

कंपाउंडरनं बाटली उजेडाला धरली. "मास्तर, ही कुनाची?"

"मेहुण्याची. मिलिटरीत आहे."

"व्हय, व्हय! हितं येनाऱ्या समद्यांचंच मेव्हनं मिलिटरीत असत्यात!"

तरी त्यानं नीट समजावलं. हलवून द्या. दिवसातनं तीनदा, एकेक खाच, मधे घोटभर बी जास्त न्हाई. बसवून पाजा, नाक दाबून नको, ठसका लागतोय.

आता गणिताच्या मास्तरला मोजायला सांगितलं म्हणजे काय विचारता! मी भिंतीवर पाटी टांगली. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने पाडले. औषध दिलं की रेघ. मंगलला बजावलं, "रेघ दिसली की कुणाच्याही हातचं प्यायचं नाही."

गरज होतीच. शेजारच्या हौसाबाई प्रेमळ बाई. मी शाळेत गेलो की पोर त्यांच्या नजरेखाली. पण पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आमच्या बाळ्याचं मागचं औषिद ऱ्हायलंय, देऊ का चमचाभर?" बाळ्या बारा वर्षांचा, औषध कधीचं कुणास ठाऊक! त्यांना हात जोडले आणि ठरवलं, आपली बाटली घरात ठेवायचीच नाही. न जाणो, मायेपोटी कुणी घोट पाजायचं.

म्हणून बाटली पिशवीत घालून शाळेत नेली. कशी वाटली अक्कल?

मधल्या सुट्टीत मी खिडकीशी उभा राहून ती डोळ्यांसमोर सरळ धरली. सांडली तर नाही, खाच बरोबर आहे ना, तेवढंच पाहायला. मग पिशवी काखोटीला मारून घराकडे धूम, औषध पाजून घंटेच्या आत परत, घामाघूम, डोळे लाल. शिपाई गणपा पाहत होता. दुसऱ्या दिवशीही पाहत होता.

"मास्तर दिसातनं तीनदा घेत्यात," गणपानं गावाला सांगितलं, "पर मोजून!"

गणपाचा भाऊ एस.टी.त कंडक्टर. कऱ्हाडमार्गे बातमी पाटणला कधी पोचली, मला पत्ताही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी औषध पाजायला घरी आलो, तर दारात मामी! मागे हौसाबाई आणि आळीतल्या आणखी पाच-सहा जणी.

"मंगीची कापडं बांधा," मामी म्हणाल्या. "लेक गेल्याचं दुक आमाला बी हाय, जावाईबापू. म्हून काय आमी बाटली धरली?"

"मामी, हे औषध आहे."

"ह्या बाटलीत?"

मामींनी बूच काढून वास घेतला. नाक मुरडलं. पुन्हा घेतला. मग पाटीकडे बोट केलं. "आन् ह्यो कशाचा हिशेब?"

मी तोंड उघडणार तोच मंगल पुढे झाली. "आजी, रेघ मारली की औषिद द्यायचं न्हाई. हौसामावशी देत हुती, मीच न्हाई म्हनलं!"

हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. मामी पाटीसमोर उभ्या राहिल्या. वाचता येत नव्हतं, पण रेघा मोजता येत होत्या. बराच वेळ मोजल्या.

"सा पोरं वाढवली," त्या सावकाश म्हणाल्या, "पर कुनाला असं मोजून पाजलं न्हाई. पोरगी हितंच ऱ्हाऊ दे."

जिंकलो! गड्यांनो, गणपासकट अख्ख्या गावावर जिंकलो! आता चार बायकांसमोर शास्त्रशुद्ध औषध पाजून दाखवायचंच, असं मनात घेतलं. बाटली हलवली. खाच डोळ्यांसमोर आणली. वाटीत थेंब न सांडता ओतलं. मंगलला ताठ बसवलं.

मामींनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला. मग मानेवर, पोटावर. मग माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"ह्ये कुनासाटी?"

"तिच्या तापासाठी."

"कुटला ताप? पोरगी गार हाय की! कवा उतरला?"

मी पाटीकडे पाहिलं. पाटीवर ते नव्हतं.

मंगल म्हणाली, "कालच उतरला, आजी. बाबांनी इचारलंच न्हाई."

मामी दाराकडे वळल्या आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बायांनो, जावा घरी! आमचं जावाई पीत न्हाईत. पिनाऱ्याला बी पोराच्या अंगाला हात लावून बगायचं कळतंय!"