उपरण्याखालचा हात

"उजवा हात परत येईल असं मी सांगू शकत नाही," कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. हेमिप्लेजिया, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडून अंगाची एक बाजू लुळी पडणं. माझे मालक निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. आता घर कसं चालायचं, याच भीतीनं मी गारठले.

चार महिन्यांनी ते काठी टेकत चालू लागले. सरकार अपंगांना पेन्शन देतं असं कळलं, म्हणून तालुक्याला अर्ज दिला. निपाणी कर्नाटकात, कोल्हापूरचे कागद दुसऱ्या राज्याचे, बेळगावच्या डॉक्टरांचा दाखला आणा म्हणाले. सीमेवर आमचं दुखणं एका राज्यात आणि कागद दुसऱ्यात.

मग घोडचूक केली ती मी. साहेबांपुढं जायचं म्हणून ह्यांची दाढी करवली, त्यांच्या सांगण्यावरनं रोजच्यासारखं दार लावून परीटघडीचं धोतर नेसवलं, फेटा बांधला, लुळ्या हातावर उपरणं टाकलं. बेळगावात तीन तास बाकावर बसलो. डॉक्टरांनी कानडीत विचारलं, स्वतःचं स्वतः जमतं का? हे ताठ बसून म्हणाले, सगळं माझं मी करतो. मी त्यांचं उपरणं नीट केलं. चारचौघांत नवऱ्याचं उणं काढायची आमच्यात रीत नाही.

महिन्यानं कागद आला. अर्जदार स्वावलंबी, अर्ज नामंजूर. मला माझाच संताप आला.

परत अर्ज केला. फेरतपासणीला ह्यांना घरच्या कपड्यांत नेलं. तोच प्रश्न, तेच उत्तर. मला कानडी सुचेना, मराठीतच बोलले.

"साहेब, धोतर मला नेसवावं लागतंय. घास भरवावा लागतोय. परसाकडंला बी धरून न्यावं लागतंय."

डॉक्टरांनी हात उचलून सोडला. तो धपकन पडला. मग ते बराच वेळ लिहीत राहिले. ह्यांनी खाली घातलेली मान वर केली नाही.

तुमच्यावर ही वेळ आली, तर काय जमत नाही ते आधी घरात दोघांनी बोलून घ्या. मी घेतलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर आलं तरी हे बोलेनात. पेन्शनपायी माणूस दुखावला, या विचारानं मला रडू फुटलं. तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोटं काय बोलली न्हाईस गं तू."

पेन्शन पुढं मंजूर झाली. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी मी धोतर नेसवायला गेले, तेव्हा दार लावून घे असं ते पहिल्यांदाच म्हणाले नाहीत.