विहीणबाईंची एक पेनी

तुमच्या अमेयकाकाचं लग्न एका पेनीपायी मोडता मोडता राहिलं. तो ही हकीकत तुम्हाला फोनवर वेगळी सांगेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो तेव्हा स्वयंपाकघरात समोसे जाळत होता.

कात्या तेव्हा तुमची काकू व्हायची होती. तिची आई गालिनाबाई मूळच्या रशियातल्या, आता मँचेस्टरजवळ बरी नावाच्या गावात राहतात. त्या पहिल्यांदाच आमच्याकडे मँचेस्टरला जेवायला येणार होत्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई. पाहुण्यांशी कसं वागायचं हे मला कुणी सांगायला नको! (या वाक्याला तुमचे आजोबा नेहमी खोकतात.)

भेट म्हणून मी माझी ठेवणीतली विळी काढली. घडीची, पितळी खवणीची, पुण्याहून साड्यांमध्ये गुंडाळून आणलेली, अगदी कोरी.

"अगं, पहिल्याच भेटीत विहिणीला विळी?" आजोबा म्हणाले.

"का? उपयोगाची वस्तू आहे."

"त्या बाई जमिनीवर बसून कोबी चिरणार आहेत का?"

"शिकतील!"

गालिनाबाई आल्या. केक आणला, मला घट्ट मिठी मारली. मी विळी पुढे केली. पातं उघडून दाखवलं, पाटावर बसून हवेतल्या हवेत एक नारळसुद्धा खवून दाखवला! बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घाईघाईने पर्स उचकली आणि माझ्या तळहातावर एक पेनी ठेवली.

एक पेनी! माझ्या विळीची!

"नो, नो! गिफ्ट! नो मनी!" मी हसून म्हणाले.

"यू टेक. मस्ट!"

"अहो, आमच्यात घेत नाहीत हो!" (घाईत मी मराठीवर आले.)

मी पेनी त्यांच्या पर्समध्ये टाकली. त्यांनी ती माझ्या बशीत ठेवली. मी ती त्यांच्या कोटाच्या खिशात सरकवली. त्यांनी सरळ माझा पदर धरला आणि त्यात गाठ मारायला घेतली! तीही जमेना, तेव्हा त्यांनी वीस पौंडांची नोट काढली. आता मात्र माझा पारा चढला.

"अहो, ही बाई मला दुकानदारीण समजते!"

"मग घे की," आजोबा म्हणाले. "विळी तेवढ्यालाही नव्हती पडली."

"तुम्ही गप्प बसा!"

हे मी जरा मोठ्यानेच म्हणाले असणार. गालिनाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी कोट अंगात घातला, विळी टेबलावर ठेवली आणि हुंदका देत म्हणाल्या, "नो कॉइन, नो वेडिंग!"

हे ऐकून कात्या आणि अमेय स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले. माय-लेकी रशियनमध्ये भरभर बोलल्या. कात्याने अमेयला सांगितलं, अमेयने मला.

"आई, त्यांच्यात धारदार वस्तू भेट दिली की दोन घरांत भांडणं लागतात. नाणं दिलं की ती विकत घेतल्यासारखी होते. घे ना ती पेनी!"

"मग आधी सांगायचंस!"

"तू विळी देशील हे मला काय स्वप्नात दिसणार होतं?"

मी पेनी घेतली. कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवली. जेवण छान झालं. गालिनाबाईंनी विळीवर काकडीही चिरली, विळी ओट्यावर ठेवून, उभ्याने!

निघताना मी त्यांची ओटी भरली. विहीण पहिल्यांदा घरी आलेली, तशी कशी पाठवणार? नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. ओटीत नाणंही हवं. पण इथे सगळा व्यवहार कार्डाने. सुटी नाणी असतात कुणाकडे? देव्हाऱ्यात एक मिळालं. घातलं.

आम्ही अजून ताटं आवरत होतो, तोच आईबरोबर घरी गेलेल्या कात्याचा फोन आला. "तांदळात पेनी सापडली! आई रडतेय. म्हणते, तुम्ही सौदा मोडलात!"

अमेय डोक्याला हात लावून बसला. मी चपला घातल्या आणि बरीची ट्राम पकडली.

गालिनाबाईंनी दार उघडलं. मी हात पुढे केला. पण त्यांच्यात उंबरठ्यावर देवघेव करत नाहीत! त्या पेनी मुठीत धरून मला आत ओढू लागल्या, आणि मी बाहेरूनच, "नो टाइम! पेनी, प्लीज! ओन्ली वन पेनी!"

जन्मभर तुम्हाला शिष्टाचार शिकवणारी तुमची आजी, परक्या दारात हात पसरून उभी होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाई फाटकापाशी थांबल्या, त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, हळहळल्या, आणि आपली पर्स उघडली.