द्राक्षाच्या बिया आणि माझ्या दोन दाढा

टेंभुर्णीच्या आमच्या दातांच्या डॉक्टरांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, दात राहतात. माझ्या दोन दाढा भरताना, फरक पडतो का ते बघायला, त्यांनी माझी परवानगी घेऊन एकीलाच आधी द्राक्षाच्या बियांचा अर्क लावला.

"वरचं सिमेंट पक्कंच असतं सर. खालचा दात सडतो, मंग पकड सुटते. ह्या अर्कानं दात कमावलेल्या चामड्यावानी टिकतो. पण कोणत्या दाढेला लावला ते सांगणार न्हाई. सांगितलं की तुम्ही दुसरीला जपत बसाल."

तेव्हापासून मी भाकरी दोन्हीकडं सारखी वाटून चावतो.

परवा राजूरला गणपतीच्या रांगेत ते भेटले. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, एकदम "आ करा." लोक बघायला लागले. मोबाईलच्या उजेडात त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, पुन्हा डावीकडं पाहिलं.

"दोन्ही सारख्याच पक्क्या," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. "फरक कसा कळावा?"

दाढा शाबूत असून मीच ओशाळलो. दर्शन झाल्यावर दुकानातून एक अख्खी सुपारी घेतली. एवढ्या भल्या माणसासाठी ती दातानं फोडायला माझी बिलकुल हरकत नाही.

पण कोणत्या बाजूनं?